पिवळ्या दोऱ्याची खूण

प्रभूच्या मेजावरचा कपडा आणि बसस्टँडवर निजणाऱ्या भणंगांच्या विजारी एकाच छपराखाली, एकाच मशीनमध्ये, एकाच साबणानं धुवायच्या, म्हणजे हिला जनाची नाही तर मनाची तरी? सुनेला हे कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि विचारणार कोण, तर मोठीबाईच. मुलाचं तोंड लग्नाच्या दिवशी जे मिटलं ते जेवणापुरतंच उघडायचं. चर्चचे पाळकसाहेब विचारणार नव्हते, कारण त्यांना वाद नको असायचा. ते एकाच हातानं दोघींनाही आशीर्वाद द्यायचे आणि दुसऱ्या हातानं छत्री उघडून निघून जायचे. राहता राहिली मोठीबाई. गल्लीत आणि मंडळीत तिला सगळे मोठीबाईच म्हणत. तिचं खरं नाव काय होतं ते नवऱ्याला ठाऊक होतं, आणि नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण तिच्यासमोर बोलताना चार बुकं शिकलेली माणसंसुद्धा आधी मनात वाक्य जुळवून घेत.

आज सकाळी वकील येऊन गेला होता. दुकानाचं दार उघडून घटका झाली नव्हती, इस्त्रीसुद्धा अजून तापली नव्हती. आला तो बसलाच नाही. "मोठीबाई," म्हणाला, "माझं राखी जाकीट तुमच्याकडे अकरा महिने पडून आहे. मी न्यायला आलो नाही, चूक माझी, कबूल. पण गेल्या शनिवारी मी ते बसस्टँडवर पाहिलं. चालत होतं." "जाकीट चालत होतं?" "आत माणूस होता. दाढीवाला. त्यानं मला सलाम केला." मोठीबाईनं मागं वळून न्यायला न आलेल्या कपड्यांच्या दांडीकडं पाहिलं. दांडी दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती. दर शनिवारी सून स्टँडवरच्या माणसांचे अंगावरचे कपडे धुवायला आणायची आणि ते वाळून परत मिळेपर्यंत त्यांना अंगावर घालायला ह्या दांडीवरचे कपडे द्यायची. रविवारी उपासनेनंतर अदलाबदल. म्हणजे चार महिने दर शनिवार-रविवार ह्या लाँड्रीच्या गिऱ्हाइकांचे कोट स्टँडवर बिड्या ओढत होते. वकील वाईट माणूस नव्हता, जाता जाता हसलासुद्धा. पण त्या हसण्यानंच मोठीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांत ह्या दुकानातून एक रुमाल हरवला नव्हता. शिव्या देणाऱ्याचं ती बघून घेत आली होती. हसणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? तो गेल्यावर तिनं ठरवलं. मुलगा आणि सून हॉस्पिटलच्या चादरी पोचवायला गेले होते, पाचपर्यंत परत येतील. आले की सांगायचं, हे आजपासून बंद, नाहीतर तू ह्या घरातून बाहेर. हे वाक्य तिनं दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. फार सहज आलं. नवं वाक्य इतकं सहज येत नाही. कोपर घासून गुळगुळीत झालेल्या बाहीसारखं ते आधीच कधीतरी वापरलेलं होतं, आणि कुणावर वापरलं होतं ते आठवायच्या आत तिनं इस्त्री उचलून एका शर्टावर दाबली.

दुकान म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढं गिऱ्हाइकांचा कठडा, मधे इस्त्रीचं टेबल, मागं दोन मशीन आणि दोऱ्या. मागच्या खोलीतली भिंत बारा महिने ओली असायची, आणि हिवाळ्यात तिच्यावर जमलेले थेंब घरंगळताना कुणीतरी बोटानं काहीतरी लिहीत असावं तसं दिसायचं. मोठीबाईला लिहिलेलं वाचायला वेळ लागे, म्हणून भिंतीकडं ती बघत नसे. तिचं वाचणं दोऱ्यांत होतं. नवऱ्यानं दुकान काढलं तेव्हा तो कपड्यांवर शाईनं नावं लिहायचा, आणि ती कपडे वाटताना नेमका घोळ व्हायचा. एकदा डॉक्टरांच्या घरचे परकर पाळकांच्या घरी गेले आणि ते परत आणायला कुणी जावं यावर दोन दिवस भांडण झालं. तेव्हापासून तिनं खुणा काढल्या. प्रत्येक घराचा एक रंग, आणि त्या घरातल्या प्रत्येक माणसाचे टाके. वकिलाचं घर हिरवं. वकिलाचा एक टाका, बायकोचे दोन. खूण गळ्यामागं आतून, दिसू नये अशी. "खूण असलेला कपडा हरवत नाही," ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगे, "फिरून फिरून जातो कुठं? घरीच येतो." घरच्या कपड्यांना पिवळा दोरा. नवऱ्याचा एक टाका, तिचे दोन, आणि... पण पिवळा दोरा तिनं सव्वीस वर्षांपूर्वी बंद केला होता. आता घरच्या कपड्यांना खूणच नव्हती. सुनेनं लग्नानंतर विचारलं होतं, "आई, आपल्याला कुठला रंग?" तेव्हा ती म्हणाली होती, "आपले कपडे आपल्याला ओळखू येत नाहीत का? खुणा परक्यांना लागतात." सुनेनं मान डोलावली होती. सुनेची मान फार लवकर डोलायची, त्यातच तिची निम्मी लबाडी होती.

कारण ही सून काही देवमाणूस नव्हती, हे मोठीबाईला कुणाच्याही आधी ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" म्हणायची तेव्हा कपडे भिजतसुद्धा घातलेले नसत. कॉलरी तर अशा जाळायची की जणू तिचं त्यांच्याशी जुनं वैर होतं. प्रवचनाला उघड्या डोळ्यांनी झोपायची. ही कला मोठीबाईनं आजवर दुसऱ्या कुणात पाहिली नव्हती. चिडली की हात चालायचा. त्याच दाढीवाल्यानं एकदा दुसऱ्याचे बूट पळवले म्हणून हिनं भर स्टँडवर त्याच्या कानाखाली आवाज काढला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच कोटाचं अस्तर शिवत बसली. "हे कुठलं प्रेम म्हणायचं?" मोठीबाई म्हणाली होती. "प्रेम कुणी म्हटलं? अस्तर फाटलंय," सून म्हणाली. एकदा मात्र मोठीबाईनं तिला नीट समोर बसवून विचारलं होतं, हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कुणी, पाळकसाहेबांनी? "पाळकसाहेब काय सांगतात ते मला कुठं ऐकू येतं? मी झोपलेली असते," सून म्हणाली, आणि मग हातातली घडी उगाच मोडून परत घालत म्हणाली, "एक बाई नळावर कपडा धूत होती, आई. एकच कपडा तिच्याकडं. धुतला, पिळला आणि तसाच ओला अंगात घातला. अंगावर वाळवत बसली. खोकत होती. मला बघवलं नाही, एवढंच." एवढंच! मोठीबाईनं आयुष्यभर देवासाठी केलेल्या कामांत एकही "एवढंच" नव्हतं. तिनं केलेलं सगळं कुणाला ना कुणाला माहीत होतं, आणि ज्याला माहीत नसेल त्याला ती सांगत असे. मेजावरचा कपडा ती चाळीस वर्षं फुकट धूत होती, आणि हे फुकट मंडळीला फार महाग पडत होतं, असं नवरा कधीतरी चेष्टेनं म्हणायचा. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, भाकरी आणि प्याला. तो कपडा आत्ता मागच्या खोलीत, फळीवर, कागदात गुंडाळून ठेवलेला होता, आणि फळीच्या खाली, हातभर अंतरावर, सुनेनं पहाटेच आणून टाकलेलं ते बोचकं.

बोचक्याला वास होता. घामाचा, धुराचा, ओल्या गोणपाटाचा. आणि त्या सगळ्याच्या तळाशी जळक्या सुती कपड्याचा एक बारीक वास, पण तो बोचक्याचा नव्हता. तो मोठीबाईच्या नाकातच होता. कधीही यायचा, जेवताना, प्रार्थनेत, झोपेतून उठताना. दुसऱ्या कुणाला येतो का हे तिनं सुरुवातीला विचारून पाहिलं होतं, मग विचारणं सोडून दिलं. तिनं ओले कपडे उचलायचा लाकडी चिमटा घेतला. बोचकं मागच्या पायऱ्यांवर टाकायचं, सून आली की म्हणायचं, ते तिथं आहे, घे आणि वाट धर. पण गाठ ढिली होती, सुनेची गाठ ती, आणि उचलताच सगळं फरशीवर पसरलं. विजारी, एक लहान मुलाचा झगा, गुडघ्याइतके मोजे. ती एकेक चिमट्यात धरून, तोंड फिरवून, परत गोळा करू लागली. एक स्वेटर आला. रंग गेलेला, कधीकाळी तपकिरी असावा. चिमट्यात धरला तसा उलटा लोंबला आणि गळ्यामागची आतली बाजू उजेडाकडं झाली. तिथं पिवळा दोरा होता. तीन टाके. तिसरा तिरका.

चिमटा फरशीवर पडला त्याचा आवाज तिला बऱ्याच उशिरा ऐकू आला. मधे काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. भिंतीवरचा एक थेंब निघाला तो खालपर्यंत पोचला, एवढं तिनं पाहिलं. मग तिनं स्वेटर हातात घेतला, नुसत्या हातात, आणि तो जड वाटला, कोरडा असून ओल्यासारखा जड. कोपरांवर रफू होता. रफूवर रफू, इतका की मूळ लोकर कुठली आणि मागून भरलेली कुठली हे कळू नये. पण हात कळत होता. उभे धागे आधी, मग आडवे, आणि कडेला एक धागा जास्तीचा ओढून घ्यायचा म्हणजे पुन्हा उसवत नाही. हे ह्या गावात एकच बाई शिकवायची आणि तिनं ते एकाच बाईला शिकवलं होतं. तिसरा टाका तिरका का, तेही हाताला आठवलं. टाका घालताना समोर बसलेली धाकटी काहीतरी बोलली होती आणि मोठीबाईला हसू आलं होतं. इतकं हसू, की सुई सरकली. काय बोलली होती ते आता आठवत नव्हतं. आपण त्या पोरीबरोबर हसत होतो एवढंच आठवत होतं, आणि ते आठवणंच सगळ्यात वाईट होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दिराची बायको. दीर बांधकामावरून पडून गेला तेव्हा धाकटीला मूलबाळ नव्हतं आणि माहेरही नव्हतं. ती ह्याच घरात, ह्याच टेबलाच्या त्या टोकाला घड्या घालत राहिली. गात राहायची. आवाज गोड होता, मंडळीत सगळ्या तिच्या मागं गायच्या. मग ती प्यायला लागली. आधी लपून, मग तसं काही नाही अशा थाटात, मग कधी कधी गाण्यातच जीभ अडखळायची. "मोठ्या बाई, रागावू नका," म्हणायची, "आत फार रिकामं वाटतं हो. काहीतरी ओतावं लागतं." आणि मोठीबाई रागवायची, कारण रागावणं तिला येत होतं. तो शनिवारच होता. उद्या प्रभुभोजन, टेबलावर मेजाचा कपडा, पांढरा, मिशनच्या मोठ्या साहेबांच्या बायकोनं मंडळीला दिलेला, खळ देऊन कडक केलेला. मोठीबाई इस्त्री करत होती. तेवढ्यात कठड्यापाशी शिवणकामवाली आली आणि हळूच म्हणाली, ऐकलंत का, गाणाऱ्या पोरींतली एक, तिला म्हणे दिवस गेलेत. मोठीबाईनं हातातली इस्त्री खाली ठेवली. उभी नाही, आडवी. चाळीस वर्षांत एकदाच. मग ती कठड्यावर रेलली आणि कुणाची पोर, कितवा महिना, आईला ठाऊक आहे का, हे सगळं तिनं बारकाईनं, दुःखी चेहऱ्यानं, मंडळीच्या काळजीपोटी म्हणून विचारून घेतलं. वास आला तेव्हा तिला वाटलं शेजारी काहीतरी जळतंय. वळून पाहिलं तर कपड्याच्या बरोबर मध्यावर तपकिरी नावेसारखा आकार, आणि टेबलाच्या त्या टोकाला धाकटी, हातात अर्धवट घडी, डोळे लाल, तोंडाला वास. तिनं पाहिलं होतं. अगदी सगळं पाहिलं होतं. दुपारच्या पिण्यानं ती जागची हलू शकली नव्हती, की हलायचं तिला सुचलंच नव्हतं, कोण जाणे. शिवणकामवाली आत डोकावली, म्हणाली, "अगं बाई! हे कुणी?" आणि मोठीबाईचा हात उचलला गेला. बोट धाकटीकडं गेलं. तोंडातून एक शब्दही तोवर निघाला नव्हता. बोटच आधी गेलं. शब्द मागून आले, आणि आले ते थांबेनात. पिऊन देवाचा कपडा जाळते, माझ्या घरात ही अवदसा नको. नवरा आला, जुने पाळक आले, दोघांनी धाकटीच्या तोंडाचा वास घेतला आणि पुढं विचारायचं काही उरलं नाही. नऊ वर्षांचा मुलगा मशीनमागं लपून रडत होता. धाकटीनं एका पिशवीत चार कपडे भरले, हा स्वेटर अंगात घातला. दारापाशी थांबली. मोठीबाईला वाटलं, आता बोलेल. आता सांगेल. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. धाकटी एवढंच म्हणाली, "मोठ्या बाई, इस्त्री अजून गरम आहे. उभी करून ठेवा."

सव्वीस वर्षं. दिवसातून शंभर वेळा इस्त्री खाली ठेवायची, आणि शंभर वेळा कानापाशी कुणीतरी हलक्या, किंचित जड जिभेनं म्हणायचं, उभी करून ठेवा. रागानं म्हटलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. मोठीबाईनं तो कपडा टाकून दिला नव्हता. दुमडीच्या आतून धागे काढून, तीन रात्री डोळे फोडून, तिनं ते जळकं भोक रफूनं भरलं होतं, असं की मंडळीत वाहवा झाली. पुढं पाळक बदलले, नवं मेज आलं, पण कपडा तोच राहिला, आणि प्याला ठेवायची जागाही तीच. बरोबर त्या नावेवर. दर प्रभुभोजनाला ती पुढं जायची, मान वाकवायची, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तिचे उघडे असायचे. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरायचा, पण उतरताना खरवडत जायचा. आपलं रफूकाम उत्तम आहे, हे तिला दर वेळी दिसायचं. जगात ती एकटीच ते पाहू शकत होती. एकटीच नव्हे, दुसरी एक होती, कुठंतरी. ती कुठं असेल हा विचार मोठीबाईनं कधी पुरा होऊ दिला नाही. लांब असेल. दुसऱ्या गावी. सुटली असेल, किंवा सुधारली असेल, किंवा. आणि हा स्वेटर आला होता दोन गल्ल्या पलीकडून.

पाच वाजता गाडीचा आवाज आला. मुलगा बाहेर रिकाम्या टोपल्या उतरवत राहिला; सून आत आली ती बोलतच. "आई, चादरी मोजून घेतल्या हो त्यांनी, ह्या वेळी एकही..." आणि थांबली. सासू मागच्या खोलीत फरशीवर बसली होती. फरशीवर बसलेली सासू तिनं कधी पाहिली नव्हती. सभोवती विजारी आणि मोजे, आणि मांडीवर स्वेटर.

"पडलात का?"

"हा कुणाचा?"

सुनेनं बोचक्याकडं पाहिलं, मग दांडीकडं, आणि तिचा चेहरा लगेच लबाड झाला. "वकील आला होता वाटतं. आई, जाकीट उद्या परत आणते, नक्की..."

"जाकीट गेलं खड्ड्यात. हा स्वेटर कुणाचा ते सांग. आणि खरं सांग, जमलं तर."

"खोकणारीचा," सून म्हणाली. "ती नळावरची. काढूनच देत नव्हती, आज पहिल्यांदा दिला. शंभरदा बजावलंन, आतला पिवळा दोरा उसवू नको म्हणून. मी म्हटलं, बये, दोरा खायचाय का मला?"

"तिला कुठून मिळाला?"

"मागच्या थंडीत ती हॉस्पिटलात होती, फुकटच्या वॉर्डात. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. हिला थंडी वाजत होती म्हणून त्या म्हातारीनं अंगातला काढून दिला. स्वतः कुडकुडत. ही म्हणते, मी नको म्हटलं तर मला शिव्या घातल्यान. फार शिव्या द्यायची म्हणे. कुणीतरी चोरून बाटली आणून द्यायचं, ती प्यायची, आणि मग प्रार्थनेची गाणी म्हणायची. नर्सा ओरडायच्या, पण सगळा वॉर्ड ऐकायचा." सून बोलता बोलता खाली बसली. सासूच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला कळेना. तो चेहरा रागाचा असता तर तिला ओळखीचा वाटला असता. "गेली ती म्हातारी. तिथंच. खोकणारीला म्हणाली होती, ही आमच्या घरची खूण आहे, राहू दे. खूण असलेला कपडा हरवत नाही. फिरून फिरून घरीच..."

सून बोलायची थांबली. हे वाक्य तिनं पहिल्यांदा कुठं ऐकलं होतं ते तिला आत्ता आठवलं होतं. ती दांडीकडं बघू लागली, मग दोऱ्यांच्या डब्याकडं, जिथं सगळे रंग होते आणि पिवळा नव्हता.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?" मोठीबाईनं विचारलं.

"खोकणारीनं सांगितलं नाही. विचारू?"

"नको. विचार. नको. मी विचारीन."

हॉस्पिटलच्या चादरींना खूण निळी. मागच्या थंडीत त्या फुकटच्या वॉर्डाच्या चादरी कुणी धुतल्या होत्या? ह्याच मशीनमध्ये, ह्याच हातांनी. आठवड्यातून दोनदा तिच्या अंगाखालची चादर इथं येत होती, इस्त्री होऊन तिच्याकडं परत जात होती, आणि मोठीबाईला त्यात निळ्या दोऱ्याखेरीज काही दिसलं नव्हतं. इस्त्रीचा वास ओळखला असेल तिनं? हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. भिंतीवरून थेंब घरंगळत होते, आणि आज त्यांच्याकडं न बघणं तिला जमेना.

ती उठली. फळीवरचा कागद काढला, मेजाचा कपडा टेबलावर पसरला आणि सुनेचं मनगट धरून तिचं बोट बरोबर मध्यावर ठेवलं. "लागतंय काही?"

सुनेनं बोट फिरवलं. "जाड आहे जरा. रफू आहे? वा, दिसतसुद्धा नाही."

"इथं जळालं होतं. सगळ्यांना ठाऊक आहे धाकटीनं जाळलं म्हणून. तुझ्या नवऱ्याला विचार, तोही तेच सांगेल. पिऊन जाळलं आणि मी तिला घराबाहेर काढलं." मोठीबाईनं तिचं बोट त्या जाड जागेवर दाबून धरलं. "मी जाळलं. इस्त्री आडवी ठेवून तिकडं दुसऱ्याच्या पोरीची अब्रू मोजत उभी होते. तिनं बघितलं आणि ती बोलली नाही."

बाहेर टोपल्यांचा आवाज थांबला होता. मुलगा मधल्या दारात येऊन उभा होता. त्याच्या हातात टोपली तशीच राहिली. त्यानं नऊ वर्षांचा असताना जिथं लपला होता त्या मशीनकडं एकदा पाहिलं.

सून रडेल, गळ्यात पडेल, क्षमेचं काहीतरी म्हणेल अशी मोठीबाईला धास्ती होती. सून म्हणाली, "मग हा कपडा बोचक्याबरोबरच टाकू का आज? पाणी तापतंय."

मोठीबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग मेजाचा कपडा स्वतःच्या हातानं उचलला आणि मशीनमध्ये घातला, त्यावर विजारी, त्यावर झगा, त्यावर मोजे. स्वेटर घातला नाही; लोकर तापल्या पाण्यात आटते, दुःखात असली तरी बाई लाँड्रीवालीच होती. तो तिनं बादलीत, कोमट पाण्यात, बोटांनी दाबून दाबून धुतला. मशीन फिरू लागलं. काचेमागं पांढरं आणि मळकं एकमेकांत गुंतत गेलं, सुटत गेलं. ह्यानं काही धुऊन निघणार नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. कानापाशीचा तो आवाजही गेलेला नव्हता. फक्त तो आता एकट्या तिच्या कानापाशी उरला नव्हता. मग ती कठड्यामागं गेली, सगळ्यात खालच्या खणातून दोऱ्याचं एक रीळ काढून घेऊन आली. सव्वीस वर्षांत पिवळा रंग फिका झाला होता. सुई ओवायला गेली, पण दोरा नेढ्याच्या आजूबाजूला हिंडत राहिला. सुनेनं न विचारता सुई घेतली, दोरा जिभेनं ओला केला, ओवून परत दिली.

"कुणाच्या कपड्यांना?" तिनं विचारलं.

"ह्या बोचक्यातल्यांच्या. सगळ्यांच्या, वाळले की. तुझ्यासुद्धा. आणि उद्या सकाळी मी पाळकसाहेबांना सांगणार, सगळ्यांसमोर. माझं तोंड आयत्या वेळी फिरलं तर तू मागून ढकल. तेवढा वेळ जागी राहा." मोठीबाईनं दोऱ्याला गाठ मारली आणि सुई सुनेच्या नाकासमोर धरली. "आणि तू. तू खोटारडी आहेस. आळशी आहेस. तुझ्या हातची एक कॉलर धड नाही, वकिलाचं जाकीट उद्या संध्याकाळच्या आत दांडीवर दिसलं पाहिजे आणि त्याची माफी तूच मागायचीस. आज सकाळी तुला घराबाहेर काढायचं मी ठरवलं होतं. उद्याही ठरवीन, माझा काही भरवसा नाही, माझी जीभ जन्मभर अशीच आहे. पण मी निघ म्हटलं तरी तू निघायचं नाहीस. तिच्यासारखी मुकाट्यानं पिशवी भरायची नाहीस. त्या दारात पाय रोवून उभी राहा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरड, मोठीबाई, इस्त्री तुम्ही ठेवली होती."